पटकन जाणारी माणसं

माझी बायको मंगळवारी गेली. सकाळी ती शाळेत शिकवायला गेली होती. तास चालू असताना ती फळ्यासमोर खाली बसली. शिक्षकांनी तिला रिक्षातून रुग्णालयात नेलं. मी धायरीहून पोहोचलो तेव्हा अँजिओग्राफी चालू होती. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं.

त्यांनी बरंच सांगितलं असावं. मला त्यातलं एकच वाक्य आठवतं. "नळ्या तशा साफ होत्या. गुठळी मात्र होती." मी मान हलवली. माझा व्यवसाय पाठ्यपुस्तकं तपासण्याचा आहे, न कळलेल्या वाक्यापाशी थांबायची मला सवय आहे. पण त्या संध्याकाळी सह्या करायच्या होत्या, हिंजवडीहून निघालेली मुलगी वाकडच्या पुलावर अडकली होती आणि तिला फोनवर किती सांगायचं ते मला ठरवता येत नव्हतं. वाक्य तसंच राहिलं.

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. साखर नाही, रक्तदाब नाही. जिना चढताना मीच मागे राहायचो.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. जेवणं आटोपल्यावर खोलीत सतरंजीवर नातेवाईक बसले, आणि जे व्हायचं ते झालं. तिच्या माहेरच्या माणसांनी आपल्या घरातल्या मरणांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. या गोष्टी मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो आहे. तिचे आजोबा संध्याकाळचं वर्तमानपत्र वाचता वाचता गेले, पान उलटायचं राहिलं. काका स्कूटर स्टँडला लावून पायरीवर टेकले ते टेकलेच. वडील देवपूजा आटोपून उठले, ताम्हन ठेवलं आणि गेले. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एकच वाक्य यायचं: आमच्याकडे कुणी अंथरुणाला खिळलं नाही, कुणाकडून काही करून घेतलं नाही. त्या घराला याचा अभिमान होता. दुसऱ्या घरांत डॉक्टर असतात किंवा गवई असतात, तसं यांच्या घरात पटकन जाणं होतं.

त्या दिवशी त्या मालिकेत तिची गोष्ट आली. फळ्यासमोर, हातात खडू. तिच्या एक मावशीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सवाष्ण गेली हो. भाग्याची." मी जिवंत असणं हे तिचं भाग्य होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मुलगी उठून गॅलरीत गेली.

नंतरचे दोन-तीन महिने कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. सकाळी कुकर लावायचा, मुलगी घरी असेल तर दोघांचा, कंपनीत जाणार असेल तर एकट्याचा. मग टेबलाशी बसायचं. बुधवार पेठेतल्या प्रकाशकाकडून मुद्रितं यायची, ती तपासायची. दुःखाबद्दल लोक लिहितात तसं मला काही झालं नाही. मी फक्त दमलेला होतो. झोपून उठल्यावरही दमलेला असायचो. डबे कुठे ठेवलेत, गॅसची नोंदणी कुठल्या नंबरवरून होते, कामवाल्या बाईंना सुट्टी कधी असते, हे सगळं शोधताना दम लागायचा.

त्या मुद्रितांत दहावीच्या मार्गदर्शकातला आनुवंशिकतेचा धडा आला. असे धडे मी अनेकदा तपासले आहेत. कानाची पाळी गालाला चिकटलेली असणं, जीभ गुंडाळता येणं, रंगांधळेपणा. आईवडिलांची लक्षणे अपत्यांत उतरतात. या वाक्यातला अनुस्वार बघत असताना मला रुग्णालयातलं ते वाक्य आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ आजोबा, काका आणि वडील आठवले. मी पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं या माणसांच्या गोष्टी मी एकामागून एक ऐकल्या होत्या, आणि त्या एकच गोष्ट असू शकतात हे मला सुचलं नव्हतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि रक्ताच्या आजारांवर काम करणाऱ्या एका बाईंकडे चिठ्ठी दिली. या डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी बायकोचे रिपोर्ट शांतपणे वाचले.

"यांचं रक्त कुठे राखून ठेवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग यांच्याबद्दल मला खात्रीनं कधीच काही सांगता येणार नाही. हे आधी सांगून ठेवते."

मग त्यांनी मला समजावलं. रक्त गोठायला लागतं तेव्हा बरेच घटक एकामागून एक कामाला लागतात, त्यांना क्रमांक दिलेले आहेत. गोठणं सुरू करणारे वेगळे आणि थांबवणारे वेगळे. हे घटक कसे बनावेत हे जनुकांत ठरलेलं असतं. काही घरांत पाचव्या क्रमांकाच्या घटकाच्या जनुकात छोटासा बदल असतो. एरवी तो घटक सांगितल्यावर थांबतो, अशा माणसांत तो सहज थांबत नाही. रक्त गरजेपेक्षा लवकर आणि जास्त गोठतं. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. गुठळी झाली तर ती बहुधा पायाच्या शिरेत होते, तिथून फुप्फुसात जाते. हृदयाच्या नळीत क्वचित. हृदयविकारात याचा वाटा लहान असतो, त्या म्हणाल्या, पण तरुण माणूस असेल, नळ्या साफ असतील आणि घरात अशा गोष्टी असतील, तर बघायला हवं. आपल्याकडे हा बदल तसा कमी सापडतो, असे आणखीही काही बदल आहेत, सगळेच बघू.

"कुणाचं बघायचं?" मी विचारलं.

"मुलगी आहे ना तुम्हाला?"

इतका वेळ मी बायकोबद्दल बोलत होतो. त्या पहिल्यापासून मुलीबद्दल बोलत होत्या.

"ती हॉर्मोनच्या काही गोळ्या घेते का? पाळीसाठी वगैरे? असा बदल असेल तर त्या गोळ्यांनी धोका बराच वाढतो."

मला माहीत नव्हतं. अशा गोष्टी तिची आई बघायची. मी तसं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग आता तुम्ही बघा." त्यात टोमणा नव्हता. निघताना त्यांनी आणखी एक काम दिलं. माहेरच्या कुठल्या माणसाचा मृत्यू कसा झाला आणि कितव्या वर्षी झाला, एवढं विचारून या.

मी नारायण पेठेत मेव्हण्याकडे गेलो. तो बायकोचा थोरला भाऊ, बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झालेला. ती त्याला दादा म्हणायची, मीही तेच म्हणतो. वहिनींनी चहा ठेवला. मी विषय काढला.

"तुमचे काका कितव्या वर्षी गेले, दादा?"

"माघ वद्य पंचमी," तो लगेच म्हणाला.

"तिथी नाही, वय."

"वयाचं श्राद्ध घालत नाहीत, अहो."

त्याचं खरं होतं. त्याला घरातल्या प्रत्येकाची तिथी पाठ होती. वडिलांची, आजोबांची, काकांची, पक्षाच्या पंधरवड्यात कुणाचं कधी येतं ते सगळं. साल मात्र कुणाचंच सांगता येत नव्हतं. दर वर्षी तिथी येते आणि माणसाचं श्राद्ध होतं. तिथी तीच राहते, त्यामुळे तो माणूस कधी गेला याला काही अर्थ उरत नाही. मला आठवलं की त्यांच्या सगळ्या गोष्टींत वर्तमानपत्र होतं, स्कूटर होती, ताम्हन होतं, वय कधीच नव्हतं.

"बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. तेव्हा ही दहावीत होती," मी म्हणालो. "हे तिनंच मला सांगितलं होतं. काकांचं काय?"

"काका म्हातारे होते."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमच्या मुंजीत होते का ते?"

"नव्हते. आदल्या वर्षीच गेले होते. म्हणून तर मुंज साधी केली, कार्यालय नाही, काही नाही. मला घोडा मिळायचा होता."

"घोड्याचं राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आठव्या वर्षी मुंज झाली ना तुमची? बाबा तेव्हा किती वर्षांचे?"

दादा हिशेब करत होता. त्याचे ओठ हलत होते. वडील त्याच्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठे. काका वडिलांहून चार-पाच वर्षांनी धाकटे. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"फोटोत टोपी आहे हो त्यांच्या डोक्यावर," तो म्हणाला. "टोपी आणि कोट."

भिंतीवर तो फोटो होता. मीही तो नेहमी बघितला होता, आणि मलाही तो माणूस वयस्कच वाटला होता. आता मी जवळ जाऊन बघितलं. टोपीखाली तिशीचा मुलगा होता. गाल अजून भरलेले.

आजोबांचंही तसंच निघालं. त्यांचं निश्चित काही सापडलं नाही, पण पन्नाशी त्यांनीही गाठली नसावी. मग दादा म्हणाला, "म्हणजे या घरात सगळ्यात म्हातारा पुरुष मीच." त्रेपन्न वर्षांचा माणूस हे बोलत होता.

"आणि तुमच्या आत्या?" वहिनींनी विचारलं.

"आत्याचा काय संबंध? ती दिलेली होती. तिचं तिकडे करतात."

"मुलगी दिली होती. रक्त इकडचंच होतं ना?"

या आत्याबद्दल मी कधी ऐकलंच नव्हतं. ती बाळंतपणानंतर आठवड्याभरात गेली होती. पाय सुजला, मग धाप लागली. त्या घराच्या गोष्टींत ती नव्हती, कारण लग्नानंतर ती त्या घराची राहिली नव्हती. तिचं श्राद्ध ते करत नाहीत, तिची तिथी दादाला ठाऊक नाही. माझी बायकोही तशी त्यांच्या मोजणीत नाही. तेराव्याला तिची गोष्ट सांगितली गेली ती प्रेमापोटी. तिची तिथी आता माझ्या घरची आहे.

मी दादाला म्हटलं, "तुम्हीही तपासून घ्या."

"मी पास झालोय," तो म्हणाला. "पास झालेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवतात का?" वहिनींनी कप उचलले आणि त्याच्याकडे न बघता आत गेल्या. पुढेही त्याने तपासणी केली नाही. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

आत्याबद्दल सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "हे महत्त्वाचं आहे," त्या म्हणाल्या. "मुलीला लवकर घेऊन या."

मुलीशी बोलायचं राहिलं होतं. आमच्या घरात मी आणि ती फारसं बोलत नसू. आई मधे असायची, मला काय वाटतं ते ती तिला सांगायची आणि तिला काय हवं ते मला. आता ती सोय नव्हती. मी चार दिवस वाक्य जुळवत होतो. शनिवारी सकाळी ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"तुला एक विचारायचं होतं," मी म्हणालो.

"विचार. पण बसून विचार. इंटरव्ह्यू घेतल्यासारखा उभा नको राहू."

मी बसलो. एक जुडी ओढून घेतली. "तू काही गोळ्या घेतेस का? म्हणजे बायकांच्या."

तिने काडी मोडली. "बायकांच्या गोळ्या म्हणजे काय, बाबा?"

"पाळीच्या."

"घेते. पीसीओडीसाठी. सव्वा वर्ष झालं. आईला माहीत होतं." मग ती म्हणाली, "तुला सांगायचं नाही असं काही नव्हतं. तू विचारलं नव्हतंस."

मी तिला सगळं सांगितलं. घटक, जनुक, टोपीतला काका, आत्या. ती मेथी निवडत राहिली. माझी सांगण्याची पद्धत धड्यासारखी झाली असावी.

"आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर?" तिने विचारलं.

"गोळ्या बंद करायच्या. पुढे बाळंतपणात इंजेक्शनं घ्यावी लागतील कदाचित. लांबच्या विमानप्रवासात काळजी. एवढंच."

"एवढंच," ती म्हणाली. "आणि मग मी रोज काय करायचं? छातीत गॅस झाला तरी वाटणार, आलं. पाय दुखला तरी वाटणार. मला नाही करायची टेस्ट."

"गोळ्या तरी बंद कर."

"गोळ्या बंद करते. टेस्ट नाही."

मी पुढची काडी घेतली. ती उठली, हात धुतले, परत आली. मग तिने खरं कारण सांगितलं. "बाबा, सगळे म्हणतात मी आईसारखी दिसते. शाळेतल्या तिच्या मैत्रिणी भेटल्या तरी हेच. मला ते बरं वाटतं. आता तुम्ही लोक मला सांगणार की तिनं मला हे दिलंय. ते मला नकोय. तिच्याकडून आलेली ही गोष्ट मला नकोय."

मी म्हणालो, "माझ्याकडूनही आलेली असू शकते."

हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण खोटं नव्हतं. बदल दोघांपैकी कुणाकडूनही येऊ शकतो. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू करतोस टेस्ट?"

"करतो."

"मग दोघं करू."

असं ते ठरलं. रक्त देताना आम्ही शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. नळ्या भरणारी मुलगी म्हणाली, "बाप-लेक बरोबर? फॅमिली पॅक." माझी मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मीही हसलो. निकालाला बरेच दिवस लागतात असं सांगितलं होतं आणि तसे ते लागले. त्या दिवसांत मी मनातल्या मनात एकच गोष्ट मागत होतो. मुलीत बदल नसावा, हे तर होतंच. पण असला तर तो माझ्याकडून आलेला असावा. म्हणजे तिच्या आईचं नाव त्यातून सुटलं असतं. वैद्यकीयदृष्ट्या याला अर्थ नव्हता. तो माझ्याकडून आलेला असता, तरी आत्या आणि काका काही परत येणार नव्हते. तरी मी तेच मागत होतो.

माझ्यात काही निघालं नाही. मुलीत पाचव्या घटकाचा बदल निघाला, एका बाजूकडून आलेला. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. एका बाजूकडून आलेला आहे, म्हणजे धोका वाढलेला आहे पण फार नाही. असा बदल असलेली माणसं नव्वदीपर्यंत जगतात. गोळ्या बंद केल्या हे उत्तम, पाळीसाठी दुसरे उपाय आहेत. सिगारेट कधीच नाही. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण असेल तेव्हा आधी सांगायचं. एरवी रोजचं औषध काही नाही.

"आईचं कारण हेच होतं का?" मुलीने विचारलं.

"बहुधा त्यांच्यात हा बदल असावा. तुमच्या वडिलांत नाही आणि तुमच्यात आहे, म्हणजे तसंच धरावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण त्यानंच झालं का, हे मी सांगू शकत नाही. हा बदल असूनही ते दुसऱ्याच कशानं झालेलं असू शकतं. मी आधीच म्हटलं होतं तुमच्या बाबांना."

परतताना आम्ही सिंहगड रस्त्याच्या गर्दीत बराच वेळ उभे होतो. गाडी मुलगी चालवत होती. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याला माझं कळलं. तिचं नाहीच कळलं."

"नाही."

"आता दादामामा काय म्हणेल माहितीये? पोरगी आमच्या वळणावर गेली."

दादा खरोखरच तसं काहीसं म्हणाला. पण फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, "त्या गोळ्या बंद केल्या ना तिनं?" मी हो म्हणालो. "बरं," तो म्हणाला.

या सगळ्याला आता वर्ष होत आलं. मी अजूनही दमलेला असतो, पण आता कशाने ते माहीत आहे. मी घाबरलेला असतो. मुलगी खोलीतून उशिरा बाहेर आली तर मी दाराशी जाऊन उभा राहतो, टकटक करत नाही. तिने पायावर पाय टाकून फार वेळ लॅपटॉप धरला तर ऊठ म्हणून सांगतो. ती म्हणते, "बाबा, मी चोवीस वर्षांची आहे, काचेची नाही." कधी कधी ती चिडते. एकदा ती म्हणाली की आई गेल्यावर तुला करायला काहीतरी हवं होतं, ते मी झाले. मला त्याचा राग आला नाही. ते खरं असेलही.

माझ्या बायकोच्या रक्ताची तपासणी झाली नाही आणि आता होणार नाही. मुलीची झाली आहे. तिच्या पाकिटात रक्तगटाचं कार्ड होतं, त्यामागे आता दुसरं कार्ड आहे, त्यावर हा बदल लिहिलेला आहे. घरात आम्ही दोघं आहोत. ती कामाला जाते त्या दिवशी हिंजवडीला पोहोचल्यावर मला मेसेज करायचा असं आमच्यात ठरलं आहे, आणि बहुतेक वेळा ती करते.